नेमकी कपात : माफक किमतीच्या डिजिटल इक्वलायझरमधून चांगला आवाज

ध्वनिप्रणालीतून बाहेर पडणाऱ्या आवाजातील वेगवेगळ्या कंप्रतांची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला इक्वलायझर म्हणतात. कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. ती हर्ट्झ या एककात मोजली जाते आणि निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. दूरध्वनीच्या लांब तारांमधून जाताना वरच्या कंप्रता खालच्या कंप्रतांपेक्षा अधिक क्षीण होत असत आणि ही तूट भरून सर्व कंप्रतांची पातळी पुन्हा समान करण्याच्या गरजेतून या तंत्राचा उगम झाला. म्हणजे इक्वलायझर हे मुळात दुरुस्तीचे साधन आहे आणि कोणतीही दुरुस्ती करण्याआधी नेमके काय बिघडले आहे हे कळावे लागते. माफक किमतीच्या डिजिटल इक्वलायझरमधून उत्तम आवाज मिळतो की नाही, हे बहुतांशी या एका गोष्टीवर ठरते.

अशा यंत्रांविषयी दोन समज रूढ आहेत. यंत्र स्वस्त आहे त्या अर्थी ते आवाज बिघडवणारच, असे काही संगीतप्रेमी मानतात. तर यंत्र जोडून दोन्ही टोकांच्या कळा वर सरकवल्या की आवाज आपोआप खुलतो, असे इतर अनेकांना वाटते. दोन्ही समज वस्तुस्थितीला धरून नाहीत. आजच्या स्वस्त यंत्रातील गणित महागड्या यंत्रातील गणिताच्या तोडीचे असते. आवाज बिघडतो तो संकेताची पातळी चुकल्यामुळे, मोजमाप न करता केलेल्या फेरफारांमुळे आणि जिथे कपात हवी तिथे वाढ केल्यामुळे. ही तिन्ही कारणे वापरणाऱ्याच्या हातातली आहेत, म्हणून ती नीट समजून घेण्याजोगी आहेत.

यंत्राच्या आतील काम

डिजिटल इक्वलायझरमध्ये संकेताचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक हा विद्युतदाबाच्या सतत बदलणाऱ्या लाटेचे ठरावीक अंतराने नमुने घेतो आणि प्रत्येक नमुन्याला एक संख्या देतो; दुसऱ्या टप्प्यात या संख्यांवर गणिती प्रक्रिया होते; आणि तिसऱ्या टप्प्यात डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक बदललेल्या संख्यांवरून पुन्हा विद्युतदाबाची लाट तयार करतो. नमुने घेण्याचा दर संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असेल, तर त्या नमुन्यांवरून मूळ लाट पूर्णपणे उभी करता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले होते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने पुरेसे ठरले ते याच तत्त्वामुळे. प्रत्येक नमुना किती सूक्ष्मतेने नोंदवला जातो हे बिटांच्या संख्येवर अवलंबून असते : १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

मधल्या टप्प्यातील प्रक्रिया दिसायला विलक्षण साधी असते. इक्वलायझरचा एक फिल्टर म्हणजे सध्याचा नमुना, त्याच्या आधीचे दोन नमुने आणि आधी मिळालेली दोन उत्तरे यांना पाच ठरावीक गुणकांनी गुणून केलेली बेरीज होय. हे पाच गुणक कसे काढायचे याची रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी संकलित केलेली सूत्रे सर्वांना मोफत उपलब्ध असून जगभरातील असंख्य यंत्रे आणि संगणकप्रणाली ती वापरतात. काळजी घ्यावी लागते ती अंकांच्या अचूकतेची : सेकंदाला ९६,००० नमुने घेतले जात असताना ५० हर्ट्झवर काम करणाऱ्या फिल्टरच्या गुणकांत येणारी कोज्या १ पासून केवळ सहाव्या दशांश स्थानावर वेगळी पडते, म्हणून खालच्या कंप्रतांसाठी आकडेमोड पुरेशा लांब अंकांनी करावी लागते. बेहरिंगर कंपनीचा अल्ट्राकर्व्ह प्रो डीईक्यू२४९६ हा या वर्गातला बहुपरिचित इक्वलायझर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर काम करतो व त्यातील प्रक्रियक ३२ आणि ४० बिटांची आकडेमोड करतात. अशी क्षमता एकेकाळी मोठ्या स्टुडिओंनाच परवडत असे. आज ती घरगुती वापराच्या आवाक्यात आली आहे.

किमतीतील कपात उत्पादक करतात ती मुख्यतः परिवर्तकांच्या भोवतीचे ॲनालॉग भाग, वीजपुरवठा, जोडण्या आणि पेटी यांमध्ये. म्हणून अशा यंत्राचा वापर करताना त्याच्या ॲनालॉग बाजूवर कमीत कमी भार टाकणे आणि डिजिटल बाजूकडून जास्तीत जास्त काम करून घेणे हे धोरण ठेवावे लागते.

ग्राफिक आणि पॅरामेट्रिक

इक्वलायझरचे दोन मुख्य प्रकार आहेत. ग्राफिक इक्वलायझरमध्ये कंप्रतांचे पट्टे आधीच ठरलेले असतात. ३१ पट्ट्यांच्या यंत्रात २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३ हर्ट्झ अशा क्रमाने सप्तकाच्या एकतृतीयांश अंतरावर कळा असतात आणि प्रत्येक कळ आपल्या पट्ट्याची पातळी वर-खाली करते. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये मात्र प्रत्येक फिल्टरच्या तीन गोष्टी वापरणारा स्वतः ठरवतो : मध्यकंप्रता, वाढ किंवा घट किती डेसिबल, आणि परिणामाची रुंदी. ही संकल्पना तिच्या नावानिशी जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडली.

डेसिबल हे दोन पातळ्यांचे गुणोत्तर सांगणारे एकक आहे. ३ डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती जवळजवळ दुप्पट, १० डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती दहापट. कानाला मात्र १० डेसिबलने वाढलेला आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो. फिल्टरची रुंदी ‘क्यू’ या संख्येने सांगतात आणि ती मध्यकंप्रतेला पट्ट्याच्या रुंदीने भागून मिळते. ५७ हर्ट्झच्या आसपास आलेला फुगवटा ५२ ते ६३ हर्ट्झच्या दरम्यान पसरला असेल, तर त्याची रुंदी ११ हर्ट्झ आणि त्यासाठी लागणारा क्यू सुमारे ५ होतो. ग्राफिक यंत्रात ५७ हर्ट्झची कळच नसते. ५० आणि ६३ या शेजारच्या दोन्ही कळा खाली ओढाव्या लागतात आणि त्यांच्याबरोबर ४५ किंवा ७० हर्ट्झचा निर्दोष भागही दबला जातो. ज्या यंत्रात दोन्ही प्रकार असतील त्यात दुरुस्तीसाठी पॅरामेट्रिक फिल्टर वापरणे आणि ग्राफिकच्या कळा शून्यावर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

दहा बाय बाराची खोली

घरात ऐकू येणाऱ्या आवाजाचा खालचा भाग स्पीकरपेक्षा खोलीच जास्त घडवते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ज्या कंप्रतेच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असते, त्या कंप्रतेची लाट भिंतींवर आपटून स्वतःवरच परत पडते आणि तिथे स्थिर तरंग तयार होतो. अशा कंप्रतांना खोलीच्या अनुस्पंदन-कंप्रता म्हणता येईल. त्या काढण्याचे सूत्र सोपे आहे : ध्वनीचा वेग भागिले भिंतींमधील अंतराची दुप्पट. २५ अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. महाराष्ट्रातील शहरी घरांत सर्रास आढळणारी १२ फूट लांब आणि १० फूट रुंद खोली घेतली, तर १२ फुटांच्या, म्हणजे ३.६६ मीटरच्या दिशेने पहिले अनुस्पंदन सुमारे ४७ हर्ट्झवर येते आणि दुसरे त्याच्या दुपटीवर, सुमारे ९५ हर्ट्झवर. १० फुटांच्या, म्हणजे ३.०५ मीटरच्या दिशेने पहिले अनुस्पंदन सुमारे ५७ हर्ट्झवर येते. आणि छताची उंचीही १० फूट असेल, तर उंचीच्या दिशेचे अनुस्पंदन नेमके त्याच ५७ हर्ट्झवर येऊन दोघांची भर पडते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती आणि फरशी यांमधून खालच्या कंप्रतांची ऊर्जा फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे असे फुगवटे आजूबाजूच्या पातळीपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक उंच जाऊ शकतात.

याचा परिणाम तबल्याच्या ध्वनिमुद्रणात चांगला ओळखता येतो. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढला जातो, तेव्हा त्याचा स्वर सलग वर चढत जातो. मूळ ध्वनिमुद्रणात हा चढ एकसारखा असला, तरी अशा खोलीत तो अनुस्पंदनाच्या एखाद्या कंप्रतेवरून जाताना क्षणभर घुमतो आणि ती ओलांडताच पोकळ होतो. तानपुऱ्याचेही तसेच आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर असते. त्या परिसरात खोलीचे एखादे अनुस्पंदन असेल, तर खर्ज सबंध मैफलीवर पसरतो आणि गायकाच्या आवाजातील बारकावे झाकून टाकतो. ‘आवाज घुमतो’ किंवा ‘बेस फार आहे’ असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते त्यामागे बहुधा एक-दोन अरुंद फुगवटेच असतात, आणि तेवढेच कापले की उरलेला खालचा भाग आहे तसा राखता येतो. सगळा बेस सरसकट कमी करणे हा त्यावरचा उपाय होत नाही.

फुगवटे आणि खड्डे

मोजलेल्या आलेखात फुगवट्यांबरोबर खड्डेही दिसतात आणि खड्डे भरून काढण्याचा मोह स्वाभाविक असतो. मात्र दोन्हींचे भौतिक कारण वेगळे असल्यामुळे त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटर अंतरावर असेल, तर मागे जाऊन भिंतीवरून परतणारी लाट थेट येणाऱ्या लाटेपेक्षा दोन मीटर अधिक अंतर कापते. ज्या कंप्रतेची अर्धी तरंगलांबी दोन मीटर असते, म्हणजे सुमारे ८६ हर्ट्झवर, या दोन लाटा एकमेकींच्या विरुद्ध अवस्थेत भेटतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना नाहीसे करतात. या आंतरक्रियेला व्यतिकरण म्हणतात. इक्वलायझरने ८६ हर्ट्झ १० डेसिबलने वाढवला, तरी थेट लाटेबरोबर परावर्तित लाटही तितकीच वाढते, दोघींची वजाबाकी पूर्वीसारखीच होते आणि खड्डा जागेवरच राहतो. स्पीकर भिंतीच्या जवळ किंवा दूर सरकवणे हाच त्यावरचा खरा उपाय असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्या श्रोत्यालाही अशाच कारणाने पहिली अनुस्पंदन-कंप्रता जवळजवळ ऐकू येत नाही, कारण त्या स्थिर तरंगाचा दाब तिथे नीचांकी असतो. आसन दोन-तीन फूट मागे-पुढे केल्याने जे साधते, ते कोणत्याही फिल्टरने साधत नाही.

वाढीला आणखी दोन मर्यादा आहेत. पहिली शक्तीची : १२ डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यात सुमारे सोळापट शक्ती, म्हणजे जिथे अँप्लिफायरला ५ वॅट पुरत होते तिथे ८० वॅट लागू लागतात आणि छोट्या स्पीकरचा पडदा आपल्या हालचालीच्या मर्यादेपलीकडे ढकलला जातो. दुसरी मर्यादा संख्यांची : डिजिटल संकेताला एक कमाल पातळी असते, तिच्या वर संख्या जाऊच शकत नाही आणि आजची बहुतेक ध्वनिमुद्रणे या कमाल पातळीच्या अगदी जवळ तयार केलेली असतात. अशा संकेतात कुठेही ६ डेसिबलची वाढ केली, तर लाटेचे माथे सपाट छाटले जातात आणि कर्कश विकृती निर्माण होते. वाढ करणे भागच असेल, तर संपूर्ण संकेत आधी तितक्याच डेसिबलने खाली आणावा लागतो. कपातीत यांपैकी कोणताही धोका नाही; उलट अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यावरचा ताण कमी होतो. शिवाय अनुस्पंदनावरच्या नेमक्या कपातीमुळे केवळ पातळीच उतरते असे नाही, तर त्या कंप्रतेची लांबत जाणारी घुमणूकही आखडते, कारण खालच्या कंप्रतांवर खोलीचे अनुस्पंदन आणि इक्वलायझरचा फिल्टर यांचे कालिक वर्तन एकमेकांच्या उलट असते.

मोजमाप

फुगवटा ५७ हर्ट्झवर आहे की ६३ वर, हे कानाने ठरवणे सरावलेल्या तज्ज्ञालाही अवघड जाते. म्हणून मोजमाप अपरिहार्य आहे, आणि आता त्याला फारसा खर्चही येत नाही. संगणकाला थेट जोडता येणारे मोजणीचे मायक्रोफोन मिळतात. मिनीडीएसपी कंपनीच्या यूएमआयके-१ सारख्या मायक्रोफोनसोबत त्या विशिष्ट नगाच्या चुका नोंदवणारी फाइल दिली जाते आणि ती संगणकप्रणालीत भरली की मायक्रोफोनचा स्वतःचा दोष आलेखातून वजा होतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही जॉन मल्केही यांनी विकसित केलेली प्रणाली मोफत उपलब्ध आहे. ज्यांचे संगीत संगणकावरूनच वाजते त्यांना विंडोजवरील ‘इक्वलायझर एपीओ’ ही मोफत प्रणाली इक्वलायझर म्हणूनही पुरते आणि वेगळ्या यंत्राची गरजच उरत नाही.

मोजणीसाठी पूर्वी पिंक नॉइज वापरण्याचा प्रघात होता. हा प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला खळखळाट असतो. आता खालच्या कंप्रतेपासून वरच्या कंप्रतेपर्यंत सलग चढत जाणारा एकच शुद्ध स्वर वाजवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. इटालियन संशोधक अँजेलो फरिना यांनी २००० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत स्पीकरची विकृती मूळ प्रतिसादापासून वेगळी काढता येते आणि प्रत्येक कंप्रता किती काळ रेंगाळते हेही दिसते. मायक्रोफोन बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर स्टँडला लावावा, हातात धरू नये. डाव्या आणि उजव्या स्पीकरची मोजणी स्वतंत्रपणे करावी. आणि डोक्याच्या जागेभोवती फूट-दीड फुटाच्या अंतरात पाच-सहा ठिकाणी मोजून त्यांची सरासरी काढावी. एका ठिकाणी दिसणारा बारीक खड्डा सहा इंचांवर नाहीसा होत असेल, तर तो दुरुस्तीचा विषयच नसतो. सर्व ठिकाणी सारखा दिसणारा फुगवटा मात्र खोलीचा खरा दोष असतो आणि त्यावर फिल्टर लावणे सार्थ ठरते.

किती सपाट करावे

अनेक यंत्रांत स्वयंचलित दुरुस्तीची सोय असते : मायक्रोफोन जोडून कळ दाबली की यंत्र २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आलेख सरळ रेषेत आणण्याचा प्रयत्न करते. असा आवाज बहुतेकांना बोचरा आणि पातळ वाटतो, आणि त्यामागे भक्कम कारण आहे. वरच्या कंप्रतांवर कान थेट येणाऱ्या आवाजाला अधिक महत्त्व देतो, मायक्रोफोन मात्र थेट आणि परावर्तित आवाजाची सरसकट बेरीज करतो. उत्तम स्पीकर वरच्या कंप्रता समोर एकवटून फेकतो आणि खालच्या सर्व दिशांना पसरवतो, त्यामुळे खोलीत मोजलेला त्याचा आलेख वरच्या बाजूला उतरतच जायला हवा. डेन्मार्कच्या ब्र्यूल अँड क्येअर कंपनीने १९७४ मध्ये मांडलेली खोलीतील प्रतिसादाची रेषाही अशीच उतरती होती, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत व नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी केलेल्या दीर्घ संशोधनाने या उतरत्या रेषेमागचे कारण स्पष्ट केले.

दुरुस्ती कोणत्या कंप्रतेपर्यंत करावी याचा अंदाज मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून येतो. आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा काळ सेकंदांत घेऊन त्याला खोलीच्या घनमीटरमधील आकारमानाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला २,००० ने गुणावे. वर वर्णिलेल्या खोलीचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर आहे. आवाज विरायला ०.६ सेकंद लागत असतील, तर उत्तर सुमारे २६५ हर्ट्झ येते. त्याच्या खाली खोलीची सत्ता चालते आणि तिथे इक्वलायझरची दुरुस्ती फलदायी ठरते. त्याच्या वर स्पीकरचा स्वभाव ऐकू येतो आणि तिथे क्यू १ च्या आसपासचे, दोन-तीन डेसिबलचे सौम्य फेरफार सोडून काहीही करू नये. स्वयंचलित सोय वापरायची असेल, तर तिला २५०-३०० हर्ट्झच्या वरच्या भागात हात लावू न देणे हा तिच्यातून चांगला निकाल मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चांगल्या जागी ठेवलेल्या स्पीकरांना बहुधा प्रत्येकी तीन ते पाच फिल्टर पुरतात.

संकेताची पातळी

स्वस्त यंत्रातून खरखर ऐकू येते तेव्हा दोष बहुतेक वेळा पातळीच्या जुळणीत सापडतो. व्यावसायिक बनावटीच्या अनेक इक्वलायझरांची कमाल पातळी +२२ डीबीयू, म्हणजे सुमारे ९.८ व्होल्ट असते; घरगुती सीडी प्लेअरची कमाल पातळी सुमारे २ व्होल्ट असते. प्लेअर थेट अशा यंत्राला जोडला, तर त्याचा सर्वांत मोठा आवाजही यंत्राच्या कमाल पातळीच्या सुमारे १४ डेसिबल खाली राहतो. यंत्राची सर्वांत मोठ्या आवाजापासून स्वतःच्या खरखरीपर्यंतची गतिसीमा ११० डेसिबल असेल, तर ९६ डेसिबल उरतात आणि तेवढे सीडीला पुरेसे आहेत. इक्वलायझर व्हॉल्यूमच्या बटणानंतर जोडला, तर मात्र परिस्थिती पालटते : हळू आवाजात ऐकताना संकेत ०.०५ व्होल्टपर्यंत खाली येतो, कमाल पातळीपासूनचे अंतर सुमारे ४६ डेसिबल होते आणि शिल्लक राहिलेल्या ६४ डेसिबलमध्ये खरखर उघडी पडते. यावरून नियम निघतो तो असा की, इक्वलायझरला नेहमी पूर्ण पातळीचा संकेत मिळावा आणि व्हॉल्यूमचे बटण त्याच्या पुढे, अँप्लिफायरच्या बाजूला असावे. काही यंत्रांच्या पाठीमागे कमाल पातळी कमी करण्याची कळ असते. घरगुती वापरात ती खालच्या स्थितीत ठेवावी.

बाहेर पडणाऱ्या संकेताचीही अशीच जुळणी लागते. पॉवर अँप्लिफायर एक-दोन व्होल्टांवर पूर्ण शक्तीला पोहोचत असेल आणि इक्वलायझर दहा व्होल्टांपर्यंत देऊ शकत असेल, तर डिजिटल पातळी खाली ओढण्यापेक्षा अँप्लिफायरच्या प्रवेशाशी दोन रोधांचा साधा क्षीणक लावणे चांगले. ४.७ किलोओहमचा रोध संकेताच्या मार्गात आणि १.२ किलोओहमचा रोध संकेत व ग्राउंड यांच्यामध्ये जोडला की पातळी सुमारे १४ डेसिबलने उतरते आणि तिच्याबरोबर परिवर्तकाची खरखरही तितकीच खाली जाते. काही रुपयांच्या या रोधांनी जेवढा फरक पडतो, तेवढा यंत्र उघडून महागडे ऑपॲम्प किंवा कपॅसिटर बसवल्याने क्वचितच पडतो.

ज्या प्लेअरला, टीव्हीला किंवा संगणकाला ऑप्टिकल डिजिटल जोडणी असते, तिथे ती वापरून संकेत संख्यांच्या रूपातच इक्वलायझरला द्यावा. त्यामुळे पहिल्या परिवर्तकाचा टप्पाच गळतो, पातळीच्या जुळणीचा निम्मा प्रश्न सुटतो आणि प्रकाशतंतूमधून वीज वाहत नसल्यामुळे दोन यंत्रांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेही जात नाही.

ग्राउंड जोडले जाण्याचा परिणाम गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ही गुणगुण ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत, विशेषतः १०० हर्ट्झवर असते. दोन यंत्रे वेगवेगळ्या प्लगपॉइंटांतून वीज घेत असतील आणि वर केबलनेही जोडलेली असतील, तर या दोन मार्गांचे एक कडे तयार होते व त्यातून प्रवाह फिरतो. सर्व यंत्रांना एकाच प्लगपॉइंटवरून वीज देणे, दोन संकेतवाहक तारांमधील फरकच घेणाऱ्या बॅलन्स्ड केबल वापरणे किंवा संकेताच्या मार्गात ध्वनीसाठीचा ट्रान्सफॉर्मर टाकणे हे त्यावरचे सुरक्षित उपाय आहेत. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय सर्रास केला जातो. त्याने गुणगुण थांबते, पण धातूच्या पेटीत वीज उतरली तर माणसाचे प्राण वाचवणारी एकमेव वाट बंद होते. तो कधीही करू नये.

उष्णतेकडेही लक्ष हवे. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद कपाटात, अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेले यंत्र काही वर्षांतच गुणगुणू लागले, तर त्यात नवल नाही. वर आणि खाली दोन-दोन इंच मोकळी जागा सोडल्याने ते कितीतरी अधिक काळ टिकते.

कानाची साक्ष

आलेख सुधारला म्हणजे आवाज सुधारलाच असे नाही. अखेरचा निवाडा ऐकूनच करावा लागतो. मात्र त्यात एक फसगत असते : दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, मग तो फरक एका डेसिबलचा असला तरी. फिल्टर लावल्यावर एकूण पातळी उतरते, म्हणून इक्वलायझर चालू आणि बंद अशी तुलना करण्याआधी दोन्ही स्थितींची पातळी पिंक नॉइज वाजवून सारखी करून घ्यावी. अन्यथा उत्तम दुरुस्तीही निस्तेज वाटते. याच कारणाने तुलना नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीवर करावी. आवाज जसजसा हळू होतो तसतशी खालच्या कंप्रतांविषयीची कानाची संवेदनशीलता अधिक वेगाने घटते, हे बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. दिवसा समतोल वाटणारी मैफल रात्री हळू लावल्यावर पातळ वाटते ती यामुळे. यंत्रात अनेक मांडण्या साठवता येत असतील, तर खालच्या भागात तीन-चार डेसिबलची रुंद वाढ आणि तेवढीच एकूण कपात केलेली एक वेगळी मांडणी रात्रीसाठी राखून ठेवावी.

तुलनेसाठी पूर्ण परिचयाची ध्वनिमुद्रणे निवडावीत : तानपुऱ्याच्या संथ झंकारावर आलाप असलेले एक, डग्ग्याचे घिस्से स्पष्ट ऐकू येतील असा तबल्याचा स्वतंत्र ठेका असलेले एक, आणि नुसत्या बोलण्याचे एक, कारण माणसाच्या बोलण्यातील अस्वाभाविकता कान सर्वांत लवकर ओळखतो. मग एकेक फिल्टर बंद-चालू करून पाहावा. घिस्सा एकसारखा चढू लागला, खर्ज आपल्या जागी बसला आणि शब्द मोकळे झाले, तर तो फिल्टर ठेवावा. समान पातळीवर ऐकताना ज्याचा काहीच फरक कळत नाही, तो काढून टाकावा. खोलीत मोठे कपाट आले, सोफा सरकला किंवा जाड पडदे लागले की मोजणी पुन्हा करावी, कारण फिल्टर खोलीच्या ज्या दोषासाठी लावले होते तो दोष आता दुसऱ्या कंप्रतेवर गेलेला असू शकतो. इतकी शिस्त पाळली, तर माफक किमतीचा डिजिटल इक्वलायझर दहा बाय बाराच्या खोलीतही ध्वनिमुद्रणातले संगीत जसेच्या तसे ऐकवण्याच्या बरेच जवळ नेतो, आणि त्यासाठी त्याहून महाग यंत्राची वाट पाहावी लागत नाही.